शालिवाहनाची मातीची फौज आणि नहपानाची नाणी : प्रबंध-बखरींतले राजे कसे वाचायचे?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी,

पाडव्याला आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत मुलांना शालिवाहनाची गोष्ट सांगायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा, त्यानं खेळताना केलेले मातीचे हत्ती, घोडे, शिपाई, उज्जैनचा विक्रम चालून आला तेव्हा त्या मातीत आलेला जीव, आणि विजयानंतर सुरू झालेला शक.

तयारीसाठी ही कथा जुन्यात जुन्या कुठल्या ग्रंथांत सापडते ते शोधत गेले. ती ऐसपैस मिळते चौदाव्या शतकातल्या जैन प्रबंधांत, म्हणजे राजे-आचार्यांच्या कथासंग्रहांत. जिनप्रभसूरींचा विविधतीर्थकल्प १३३३ च्या सुमारास पुरा झाला आणि राजशेखरसूरींचा प्रबंधकोश १३४९ चा. म्हणजे सातवाहनांचं (शालिवाहन हे त्याच नावाचं पुढचं रूप) राज्य बुडून हजार वर्षं उलटून गेल्यावर! त्यात मुलाची आई विधवा ब्राह्मणकन्या, बाप गोदावरीच्या डोहातला शेषनाग.

आता माझी अडचण. पोरं हटकून विचारणार, "हे खरं घडलं का?" नुसतं "नाही" म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही, कारण शेकडो वर्षं माणसांनी जी गोष्ट जपली तिच्यात काहीतरी ऐवज असणारच. आणि "हो" म्हणणं तर नाशिकच्या पांडवलेण्यांजवळ राहून साफ चूक आहे, तिथे सातवाहनांचा स्वतःचा मजकूर भिंतीवर कोरलेला असताना. असे प्रबंध, चरित्रं, बखरी तुम्ही कशा वाचता? दंतकथा बाजूला काढून उरलेला इतिहास घ्यायचा, की सगळं एकत्रच ठेवायचं?

सिन्नरकर :

खूण साठवली. यादवांचा विषय निघाला की येतोच.

शिलालेखवेडा :

स्पष्ट लिहितो. शक सुरू केला हा भाग मुलांना इतिहास म्हणून अजिबात सांगू नका. त्याचं कारण तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे.

तीन नंबरच्या लेण्यात ओसरीत गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन राजाज्ञा आहेत. एकीवर वर्ष १८, दुसरीवर वर्ष २४. त्याच लेण्यात त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळचे लेख आहेत, त्यांवर वर्ष १९ आणि वर्ष २२. बापानं नवा शक सुरू केला असता तर मुलाच्या लेखात तेच आकडे पुढे वाढत गेले असते. इथे राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. ही राज्यवर्षं आहेत. सातवाहनांनी संवत्सर चालवलाच नाही.

उलट त्यांचे प्रतिस्पर्धी क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातले शक राजे, सलग मोजत गेले. रुद्रदामनाचा जुनागढचा लेख वर्ष ७२ मधल्या घटनेबद्दल बोलतो, ते ७८ पासून मोजलं की १५० येतं. बदामीच्या तीन नंबरच्या गुंफेत चालुक्य मंगलेशाचा ५७८ चा लेख आहे. त्यात शकराजाच्या राज्याभिषेकाला पाचशे वर्षं झाली असं म्हटलंय. शालिवाहनाचं नाव त्यात नाही. ते नाव या कालगणनेला मध्ययुगात, कित्येक शतकांनी चिकटलं.

शिवाय विक्रमसंवत इसवीसनपूर्व ५७ चा आणि शक ७८ चा. मध्ये १३५ वर्षं. दोघे समोरासमोर लढणार कसे?

आडगावकर :

विक्रमाचं वय बघता तो हरला यात आश्चर्य नाही मग :)

कुंभारवाडा :

शिलालेखवेडा, तुमचे आकडे मान्य. पण मला दुसऱ्या बाजूनं लिहायचंय.

आमचं घर पिढीजात कुंभाराचं. चाक आता धाकटे काका तेवढे फिरवतात. शालिवाहनाला आमच्यात फार मान. राजाच्या घरात जन्मलेले राजे सगळ्या पोथ्यांत भरलेत, पण कुंभाराच्या आव्याशेजारी वाढलेला राजा हा एकच. आजी सांगायची तेव्हा शेषनाग वगैरे दोन वाक्यांत उरकायची आणि माती कुठली आणली, कशी तुडवली, हत्तीची सोंड वाळताना तडकू नये म्हणून काय केलं, यावर तिची गोष्ट रमायची. प्रबंध लिहिणाऱ्या सूरींना हे कुठून सुचलं असेल? त्यांनी कुणाकडून तरी ऐकलंच असणार. पोथीत जाण्याआधी ही गोष्ट कुणाच्या ओसरीवर होती, हा प्रश्न इतिहासाचा नाही का?

आणि पैठणला सातवाहनकाळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती उत्खननात निघाल्यात. पावसाळ्यानंतर गोदेच्या काठाला असं काही उघडं पडलं आणि त्यावरून गोष्ट रचली गेली, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका, हा माझा तर्क आहे.

मेघा_पंचवटी :

कुंभारवाडा, आजीची गोष्ट सवडीनं वेगळा धागा काढून लिहाच.

गोदाकाठताई, तुम्ही मातीच्या फौजेपाशी अडकला आहात, पण मला वाटतं नाशिककरांनी पहिल्यांदा सांगावी ती शालिवाहनाची दुसरी गोष्ट. ती जैनांच्या आवश्यकसूत्रावरच्या जुन्या टीकांमध्ये येते, म्हणजे प्रबंधांच्याही बऱ्याच आधी. थोडक्यात अशी :

भरुकच्छाला, म्हणजे भडोचला, नहवाहन नावाचा राजा. त्याच्याकडे खजिना अमाप. पैठणच्या शालिवाहनाकडे सैन्य मोठं. शालिवाहन दर वर्षी भडोचला वेढा घालायचा. नहवाहन शत्रूच्या शिपायाचं मुंडकं आणणाऱ्याला भरघोस बक्षीस द्यायचा, म्हणून त्याची माणसं जिवावर उदार होऊन लढायची. शालिवाहनाची माणसं मरायची, त्यांना मिळत काही नव्हतं. दर वर्षी हात हलवत परत. शेवटी शालिवाहनाच्या अमात्यानं युक्ती केली. राजानं आपल्याला हाकलून दिलं असं भासवून तो भडोचला गेला, हळूहळू नहवाहनाचा विश्वासू मंत्री झाला, आणि त्याच्या कानी लागला : महाराज, हे वैभव पूर्वपुण्याईचं, पुढच्या जन्मासाठी दानधर्म करा. देवळं बांधा, तळी खोदा, विहिरी काढा. राजा खर्चत गेला. खजिना रिता झाला. शालिवाहन पुन्हा आला तेव्हा बक्षिसाला पैसा उरला नव्हता आणि शहर पडलं.

आता पांडवलेण्यांवर चढा आणि दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत मान वर करून बघा. छताखालच्या लांबलचक ओळींत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं केलेली दानं आहेत. तीन लक्ष गायी. देव-ब्राह्मणांना सोळा गावं. वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा, बागा, तळी, पाणवठे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका या नद्यांवर फुकट नावा. शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव : २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजानं आणि १,००० कार्षापण शेकडा पाऊण टक्क्यानं, लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या चिवरांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी.

दानात खजिना रिकामा करणारा नहवाहन आणि भिंतीभर दानं कोरून ठेवणारं नहपानाचं घराणं. कथा सांगणाऱ्यानं दहा नंबरचं लेणं पाहिलं होतं की नाही देव जाणे, पण या राजाच्या दानशूरपणाची आठवण त्याच्यापर्यंत पोचली होती. मला हे वाचताना अंगावर काटा येतो.

नाणेवाला :

मेघाताई, तुमच्या गोष्टीचा तिसरा पुरावा माझ्या प्रांतातला आहे.

१९०६ साली आपल्याच भागात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची. पुढे राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं, मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर आणि त्याभोवती "राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस", मागे उज्जैन चिन्ह. कितीतरी नाण्यांवर खालचं नाक-डोळे नव्या छापातून डोकावतात. जिंकलेल्या राजाचा पैसा वितळवायला न थांबता त्यावरच आपलं नाव उमटवलं, म्हणजे त्या काळी चांदीची केवढी गरज असेल बघा.

कथेतला नहवाहन धनानं बलाढ्य. साठ्यातला नहपानही तसाच. सातवाहनांचा रोजचा पैसा शिसं, तांबं, पोटीन असल्या धातूंचा होता. चांदी होती ती क्षत्रपांकडे, भडोचच्या समुद्रव्यापारातून येणारी. "याच्याकडे खजिना, त्याच्याकडे सैन्य" हे वाक्य नाण्यांवरून लिहिल्यासारखं आहे!

ज्यांना प्राचीन नाण्यांची गोडी लागली असेल त्यांनी अंजनेरीचं नाणेसंग्रहालय जरूर पाहावं.

शिलालेखवेडा :

मेघा, मांडणी सुरेख आहे. तरी हरकत घेतो.

त्या गोष्टीतून नहपान खरोखर दानधर्मामुळे हरला असं कुणी काढलं तर ते चालणार नाही. नाव जुळतं, शहर जुळतं, कोण जिंकलं ते जुळतं. एवढं ठीक. पण मंत्र्याची फितुरी आणि त्याचा सल्ला हा कथेचा साचा आहे, तो इतर राजांच्या नावानंही सापडतो. आणि मुळात हे सगळं आपल्याला कळलं कशामुळे? लेख आणि नाणी वाचली गेली म्हणून. ती नसती तर नहवाहन नावाचा राजा होता हेही आपण मानलं नसतं. मग कथेनं नवं काय दिलं?

मेघा_पंचवटी :

कथेनं कारण दिलं. नाणं सांगतं की गौतमीपुत्र जिंकला. तो का जिंकला यावर नाणं गप्प आहे. जुन्या माणसांना तो का जिंकला असं वाटत होतं, ते कथेत आहे. ते उत्तर बरोबर असेलच असं नाही, पण सैन्याविरुद्ध पैसा असा हा झगडा होता ही समज शेकडो वर्षं टिकली, याची नोंद दुसरीकडे कुठेही नाही.

आडगावकर :

वरच्या दोघांना दंडवत. मी मध्येच कल्हणाला आणतो.

कल्हणानं काश्मीरची राजतरंगिणी ११४८-४९ मध्ये लिहिली. सुरुवातीलाच तो सांगतो की राजांच्या कथा असलेले अकरा जुने ग्रंथ आपण पाहिले आणि नीलमतपुराणही पाहिलं. दानपत्रं, शिलालेख, प्रशस्त्या तपासल्याचंही सांगतो. न्यायाधीशासारखी राग-द्वेष सोडून घडलेलं सांगते तीच वाणी स्तुत्य, असं त्याचं म्हणणं. आणि हाच कल्हण तिसऱ्या तरंगात रणादित्य नावाच्या राजाला तीनशे वर्षं राज्य देतो!

तीनशे वर्षं! युवराजाचे केस तर केव्हाच पिकले असतील.

पण गंमत बाजूला ठेवली तर मला त्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. हातातल्या यादीत राजे कमी आणि वर्षं जास्त. मधली नावं स्वतःच्या पदरची घालून हिशेब जुळवणं सोपं होतं. त्यानं ते केलं नाही, एकाच राजाच्या खात्यात वर्षं टाकली. आपल्याला आज ते भोक स्पष्ट दिसतं ते त्यामुळेच. आणि तोच कल्हण स्वतःच्या काळाजवळ येतो तेव्हा बंडं, दुष्काळ, दरबारातले डाव इतके बारकाईनं लिहितो की विचारू नका. तेव्हा माझं मत असं की पूर्ण ग्रंथाला एक शिक्का मारू नये. लेखकाच्या काळापासून जितकं मागे जाल तितका हात सैल सोडायचा.

इंग्रजीचे_सर :

आडगावकर, हाच प्रकार दूर इंग्लंडातही झालाय. मी कॉलेजात शिकवतो म्हणून हे हाताशी आहे.

११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ यानं ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहिला. त्याचा पहिला राजा ब्रूटस, जळलेल्या ट्रॉयहून निसटलेल्या ईनिअसचा वंशज. मुलींत राज्य वाटणारा लिअर राजा याच ग्रंथातून पुढे नाटकात गेला, आणि आर्थर राजाची कीर्ती युरोपभर झाली तीही इथूनच. त्याच शतकाच्या शेवटी विल्यम ऑफ न्यूबर्ग या दुसऱ्या इतिहासकारानं हे सगळं रचलेलं आहे असं खडसावून लिहिलं. तरी पुढची चार-पाचशे वर्षं लोकांनी जेफ्रीच वाचला.

का वाचला? ब्रिटनमधली माणसं, राज्यकर्ते नॉर्मन धरून, आपापली मुळं शोधत होती आणि रोमइतकं जुनं मूळ जेफ्रीनं हातात दिलं. नामांकित नगर जळतं, तिथून एक वंशज निसटतो, दूर देशी नवं राज्य उभारतो. हा साचा तुम्हाला ओळखीचा वाटतोय का? सिन्नरकर, या आता.

सिन्नरकर :

आलो सर!

ट्रॉयच्या जागी द्वारका ठेवा, झालं. आमच्या यादवांची गोष्ट हुबेहूब अशीच. आणि तिच्या दोन आवृत्त्या आहेत, मजा तिथेच आहे.

पहिली दरबारची. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडात राजप्रशस्ती आहे. वंश सुरू होतो चंद्रापासून, मग यदु, मग कृष्ण, मथुरेहून द्वारका. पुढे सुबाहू येतो, तो मुलांत राज्य वाटतो आणि दक्षिण मिळते दृढप्रहाराला. दृढप्रहारापासून खाली आलात की यादी बरीचशी ताम्रपटांशी जुळायला लागते. म्हणजे जिना पुराणाचा, आणि दृढप्रहाराच्या चंद्रादित्यपुरापासून पुढे पक्की जमीन.

दुसरी आवृत्ती जिनप्रभसूरींची. गोदाकाठताईंनी ज्या ग्रंथाचं नाव घेतलं त्याच विविधतीर्थकल्पात आपल्या नाशिकवर अख्खा कल्प आहे. त्यात द्वारका जळते. वज्रकुमार नावाच्या यादवाची गरोदर बायको वाचते आणि चंद्रप्रभ तीर्थंकराच्या आश्रयाला येते. तिला मुलगा होतो तो दृढप्रहार. एकदा चोर गावाची गुरं हाकून नेतात, हा एकटा मागे धावतो, लढतो, गुरं परत आणतो. लोक खूष होऊन त्याला नगररक्षक नेमतात.

बघा आता. दरबारचा मंत्री म्हणतो, बापानं राज्य वाटलं आणि वाट्याला दक्षिण आली. जैन साधू म्हणतो, गुरं राखली आणि गावानं रखवालदार केला. मला विचाराल तर साधूची गोष्ट खरी वाटते. चोर-दरोडेखोरांपासून गावं राखणारा एखादा दमदार गडी हळूहळू मुलखाचा धनी होतो, हे नवव्या शतकात घडण्यासारखं आहे. राजाच्या पदरी असलेला माणूस आपल्या धन्याचा मूळपुरुष रखवालदार होता असं लिहिणार नाही. साधूला तसं लिहायला काहीच अडचण नव्हती, कारण तोवर देवगिरीचं राज्य बुडालं होतं.

आणि जैन दुवा हवेतला नाही. अंजनेरीच्या जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे ११४२ चा लेख आहे. त्यात यादव राजा सेउणचंद्रानं चंद्रप्रभाच्या मंदिराला दुकानं दान दिल्याचं नोंदलंय. कथेत चंद्रप्रभ, शिलालेखातही चंद्रप्रभ. दोन्ही नाशिकच्या आसपास.

चांदवडी :

चंद्रादित्यपूर म्हणजे आमचं चांदवड हे ठळक अक्षरांत लिहायचं राहिलं बरं का सिन्नरकर! सेउणपूर म्हणजे सिन्नर हे सांगायला मात्र तुम्ही कधी विसरत नाही.

सिन्नरकर :

घ्या, लिहिलं. चांदवड पहिलं, सिन्नर दुसरं. बाप दृढप्रहाराचं गाव आणि मुलगा पहिल्या सेउणचंद्राचं गाव, भांडण कसलं?

अवांतर : सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराला आलेला प्रत्येक पाहुणा "हेमाडपंती ना?" असं विचारतो. मंडळी, गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातला, हेमाद्री तेराव्याच्या उत्तरार्धातला. देऊळ उभं राहिलं तेव्हा त्याचे आजोबा-पणजोबाही जन्मले नसतील. भूमिज शिखराचं पंचायतन आहे ते, घडवणाऱ्यांना त्यांचं श्रेय द्या. एका मंत्र्याच्या नावावर महाराष्ट्रातली झाडून सगळी दगडी देवळं जमा झाली. दंतकथा कशा वाढतात ते बघायला आमच्या सिन्नरला या.

त्र्यंबकरोड :

अवांतरात अवांतर : लेणी उतरल्यावर मिसळ कुठे खायची यावर एकमत होणार असेल तर मी सगळ्यांना घेऊन जायला तयार आहे.

आडगावकर :

विक्रम-शालिवाहनाचा तह एक वेळ होईल, मिसळीवर नाशिककरांचं एकमत होणार नाही.

मोडीवाचक :

धागा मिसळीकडे वळायच्या आत बखरीबद्दल लिहितो, कारण शीर्षकात ती आहे आणि अजून कुणी हात घातला नाही.

महिकावतीची बखर इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापली. उत्तर कोकणातल्या केळवे-माहीम भागातली. तिच्यातली दोन प्रकरणं केशवाचार्यानं शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ मध्ये रचली, बाकीची वेगवेगळ्या काळांतली. विषय बिंब राजाचा : तो कोकणात कसा आला, बरोबर कोणती कुळं आली, कुणाला कोणतं गाव मिळालं. एका ठिकाणी बिंब चांपानेरकडून येतो, दुसरीकडे तो देवगिरीच्या रामदेवरावाचा मुलगा. शक आणि नावं एकमेकांत अशी गुंतलेली की सरळ इतिहास म्हणून वाचायला बसलं तर डोकं धरावं लागतं.

मी ती वाचताना प्रत्येक पानावर एक प्रश्न विचारतो : हे लिहून ठेवल्यानं कुणाचं काय टिकलं? कुळांच्या याद्या, गोत्रं, गावांची वाटणी इतक्या हौसेनं का लिहिली? १४४८ साली तिथलं राज्य परक्या हातात गेलं होतं. आपला हक्क जुना आहे, आपण राजाबरोबर आलो, आपला आचार अमुक, हे ठरवून देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ते काम बखरीनं केलं. बाराव्या शतकातल्या बिंबाबद्दल ती जपूनच वापरावी. पंधराव्या शतकातल्या केळवे-माहीमच्या माणसांना कशाची भीती होती, कशाचा अभिमान होता, यासाठी तिच्यासारखं साधन नाही.

सिन्नरकरांनी हेमाद्रीला आणि सूरींना हाच प्रश्न विचारला, म्हणून त्यांचा प्रतिसाद मला फार आवडला. शालिवाहनाच्या गोष्टीलाही विचारा. जिनप्रभसूरींच्या कथेत सातवाहन राजा दक्षिणापथ ऋणमुक्त करतो, तापीपर्यंत राज्य नेतो, स्वतःचा संवत्सर सुरू करतो आणि शेवटी जैन होतो. काश्मिरात सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर लिहिला. तिथे सातवाहनाची कथा शिवानं पार्वतीला सांगितलेल्या कथेच्या चौकटीत बसते, आणि त्याचा जन्म सिंहरूप यक्षाच्या पोटी. ज्यानं त्यानं राजा आपल्या घरी आणला.

शिलालेखवेडा :

मोडीवाचक, म्हणूनच मी दगडाकडे जातो. दगडावरचा मजकूर त्या काळचा. त्याला हजार वर्षांनी कुणी आपल्या घरी नेत नाही.

मेघा_पंचवटी :

इथे मात्र मी भांडणार!

तीन नंबरच्या लेण्यातली, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिची प्रशस्ती घ्या. तुमच्या लाडक्या दगडावरचीच. आई आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, लेणं भिक्षूंना देताना कोरवून घेते. त्यात "खखरातवसनिरवसेसकरस" आहे, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश त्यानं निपटला, याला नाण्यांचा आधार आहे. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती ही देशांची यादी आहे, ती अभ्यासकांनी नकाशावर लावून पाहिली आहे. आणि त्याच ओळींत तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा आहे, नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती यांच्या तेजाचा आहे. त्याच्या लढाईत वारा, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, चंद्र, सूर्य, नक्षत्रं, ग्रह सामील होतात. तो हत्तीच्या खांद्यावरून आकाशात शिरतो.

हे हजार वर्षांनी कुणी लिहिलेलं नाही. त्याला अंगाखांद्यावर खेळवलेल्या आईच्या नावानं लिहिलेलं आहे. दंतकथा मागाहून चढते असं आपण धरून चालतो, पण इथे ती पहिल्या दिवसापासून इतिहासाशेजारी एकाच भिंतीवर बसली आहे. मग चौदाव्या शतकातल्या सूरींना तेवढं वेगळ्या मापानं का मोजायचं? माप एकच ठेवा : प्रत्येक वाक्य सुटं घ्या, आणि त्याला दुसरा साक्षीदार आहे का ते शोधा. "क्षहरात संपवले" याला साक्षीदार आहे. "आकाशात शिरला" याला नाही. "नहवाहन धनाढ्य होता" याला आहे. "माती जिवंत झाली" याला नाही.

शिलालेखवेडा :

"प्रत्येक वाक्य सुटं घ्या" हे मान्य, आणि हे माप दगडालाही लावायला माझी ना नाही. पण सगळे दगड प्रशस्तीचे नसतात. त्याच ओसरीतल्या राजाज्ञा वाचा, त्यांत अलंकाराचा एक शब्द नाही. वर्ष १८ : गोवर्धनच्या बेनाकटक इथल्या विजयी छावणीतून अमात्य विष्णुपालिताला हुकूम, उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत भिक्षूंना द्या. वर्ष २४ : आता अमात्य श्यामक आहे. त्याला कळवलंय की आधी भिक्षूंना कखडी गावात दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव ओस पडलंय, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्या. ही आज्ञा गौतमीपुत्राबरोबर त्याच्या आईच्याही नावानं आहे.

लढाया झाल्या, गाव उठलं, दान कागदावरच राहिलं, भिक्षू तक्रार घेऊन गेले, आणि राजानं दुसरी जमीन दिली. मला राजा इथे भेटतो. आकाशात शिरणाऱ्यापेक्षा हा मोठा वाटतो.

इंग्रजीचे_सर :

वा. हे मुलांना सांगाच. "दान कागदावरच राहिलं" हे त्यांच्या आईवडिलांनाही चांगलं समजेल.

गोदाकाठ :

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं ठरलं ते लिहिते.

मातीच्या फौजेची गोष्ट आधी पूर्ण सांगणार, कुठेही न तोडता आणि मध्ये शंका न काढता. कुंभारवाडा, तुमच्या आजीसारखी माती तुडवण्यापासून. मग "खरं घडलं का?" आलं की पोरांनाच साक्षीदार शोधायला लावणार. त्यासाठी मेघानं सांगितलेली भडोचची गोष्ट, एका कागदावर दहा नंबरच्या लेण्यातली दानांची यादी आणि दुसऱ्यावर जोगलटेंभीच्या नाण्याचं मोठं चित्र. गोष्टीतला कुठला भाग यादीत सापडतो, कुठला नाण्यावर, कुठला कुठेच नाही, ते त्यांनी खुणा करून सांगायचं. शेवटी शिलालेखवेडा यांनी सांगितलेल्या दोन राजाज्ञा. शकाचं काय करायचं ते मात्र अजून ठरत नाहीये. पाडव्याच्याच दिवशी "शक शालिवाहनाचा नव्हे" म्हटलं तर आजोबामंडळी उठून जातील.

शिलालेखवेडा :

उठून गेले तरी सांगा. पंचांगावर "शालिवाहन शके" छापलेलं असतं, ते काढा असं मी म्हणत नाही. पण आठवी-नववीच्या मुलांना १८, २४, १९, २२ हे चार आकडे फळ्यावर लिहून द्या आणि विचारा, यात नवा शक सुरू झालेला दिसतो का? ती पाच मिनिटांत उत्तर काढतील. हे शिकायला नाशिकच्या पोरांना बाहेरगावी जावं लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

मोडीवाचक :

सहमत. फक्त त्याला जोडून एवढं सांगा की शकांनी सुरू केलेली कालगणना लोकांनी पुढे शकांना हरवणाऱ्या घराण्याच्या नावानं ओळखायला सुरुवात केली. गौतमीपुत्रानं नहपानाच्या नाण्यावर आपला छाप मारला, लोकांनी शकांच्या वर्षांवर मारला. आजोबामंडळींना हे पटेल असं वाटतं.

नाणेवाला :

मोडीवाचक, हे फारच आवडलं!

गोदाकाठताई, पुनर्मुद्रित नाण्याचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो माझ्याकडे आहेत, ते व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. ए-थ्री आकारात छापून घ्या, म्हणजे नहपानाचं नाक पोरांना लांबूनही दिसेल.

कुंभारवाडा :

माती मी आणून देतो. दोन पाट्या पुरतील का? काकांना विचारतो, ते आले तर फिरतं चाकही येईल.